वसईबाहेरची वसई

वसईत घर असलं की पाहुण्यांना वसई दाखवण्याचं काम आपोआप अंगावर येतं. ठाण्याच्या माणसाला हे कळायचं नाही. त्याच्याकडे लोक बारशाला येतात, जेवतात आणि जातात. आमच्याकडे बारशाला आलेला माणूस पेढा तोंडात असतानाच विचारतो, "किल्ला इथून किती लांब?" बाळाचं नाव काय ठेवलं हे तो गाडीत बसेपर्यंत विसरलेला असतो, पण कोल्डप्लेच्या 'हिम फॉर द वीकेंड' या २०१६च्या गाण्यात वसईचा किल्ला दिसतो हे त्याला पाठ असतं. गाण्यात किल्ला जेमतेम डोळ्यांसमोरून सरकून जातो, पण तेवढ्यावर त्याचा शनिवार ठरलेला असतो.

किल्ल्याला तिकीट नाही, ही पहिली अडचण. पुण्याहून आलेल्या माणसाला फुकट मिळणाऱ्या गोष्टीबद्दल मुळातच संशय असतो. "मग आत काय असणार?" असं तो रिक्षातच पुटपुटतो. त्यातून रिक्षा थांबत नाही. पारनाक्याहून निघालेला रस्ता सरळ तटातून आत शिरतो, किल्ल्याच्या पोटातून जातो आणि पलीकडे किल्लाबंदरच्या कोळीवाड्यात निघतो. त्याच रस्त्यानं शाळेची मुलं जातात, बर्फाचे टेम्पो जातात, मासळीच्या पाट्या बाजाराकडे येतात. रायगड चढताना माणूस धापा टाकतो, त्यामुळे वर पोचल्यावर त्याला इतिहास आपोआप जाणवतो. इथे बसल्या बसल्या दोन शतकांचा इतिहास ओलांडून माणूस जेट्टीवर पोचतो आणि मला विचारतो, "किल्ला कधी येणार?"

मग रिक्षा मागे वळवायची. किल्ला तसा लहान नाही. तटाची लांबी साडेचार किलोमीटरच्या घरात, तीन बाजूंना पाणी, एक दरवाजा जमिनीकडे, एक समुद्राकडे. गुजरातच्या बहादूरशाहाला हुमायूनची धास्ती पडली होती, पोर्तुगीजांची मदत हवी होती. त्या गरजेपोटी २३ डिसेंबर १५३४ रोजी त्यानं वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला. पुढची दोनशे वर्षं हे त्यांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठिकाण होतं. आत फ्रान्सिस्कनांचा मठ, जेझुइटांचं कॉलेज आणि चर्च, डोमिनिकनांचा मठ, उमरावांच्या हवेल्या, इस्पितळ, बाजार. आता सगळ्यांची छपरं गेली आहेत आणि भिंती तेवढ्या उभ्या आहेत. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीला थडग्यांच्या फरशा आहेत. त्यांवर कुळांची चिन्हं, खाली पोर्तुगीज अक्षरं. सेंट जोसेफच्या चर्चवर १६०१ साली डागडुजी केल्याचा लेख आहे. डागडुजीची तारीख दगडात कोरून ठेवण्याची ही चाल मला फार आवडते. आपल्याकडे ती सुरू झाली तर कित्येक रस्त्यांच्या कडेला कोरे दगड उभे राहतील.

मात्र हे लेख वाचायला कोणी थांबत नाही, कारण त्याच ठिकाणी लग्नाआधीचं छायाचित्रण चाललेलं असतं. दिवाळी झाली की किल्ल्याचा ताबा नवरा-नवरीकडे जातो. नवरी पायघोळ गाऊनमध्ये, नवरा कोटात, आणि तपमान बत्तीस. गाऊनचा मागचा भाग नवरीची मावसबहीण उचलून धरते, तो चिखलाला लागू नये म्हणून. मग फोटोग्राफर तिला भिंतीआड लपायला सांगतो. चकचकीत पत्रा धरून उन्हात उभा असलेला माणूस बहुधा नवऱ्याचा मामा असतो. "सर, मॅडमकडे बघा. हसू नका. थोडं लांब बघा." सर लांब बघतात. लांबवर किल्लाबंदरची पोरं क्रिकेट खेळत असतात आणि चेंडू कुठल्याही क्षणी चित्रात येणार असतो. पायाखालच्या फरशीखाली कुणी दोम अमुकतमुक झोपलेले असतात. हयातीत त्यांनी परवानगीशिवाय कोणाला अंगणातही येऊ दिलं नसेल.

माझी याबद्दल तक्रार नाही. ज्या जागी शेकडो लग्नं लागली तिथे आणखी दोन जीव लग्नाचा सराव करून गेले तर बिघडलं काय? तक्रार आहे ती पाहुण्याची. तो फिरून फिरून दमतो, घंटाघराच्या मनोऱ्याकडे मान वर करून बघतो आणि विचारतो, "घंटा कुठाय?"

हा प्रश्न आला की मी जरा सावरून बसतो, कारण इथून पुढे वसई दाखवायची म्हणजे वसई सोडावी लागते. घंटा नाशिकला आहे.

१७३७मध्ये चिमाजी आप्पांची मोहीम सुरू झाली आणि १७३९च्या मे महिन्यात वसई पडली. पोर्तुगीजांना शस्त्रांनिशी, वाजतगाजत बाहेर पडण्याची मुभा मिळाली. चर्चमधल्या घंटा मात्र इथून निघाल्या त्या मराठी मुलखातल्या देवळांत पोचल्या. एक गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळात टांगली गेली. ती नाशिककरांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिला पाणी लागलं म्हणजे मोठा पूर, असा त्यांचा हिशेब. एक भीमाशंकरला गेली, डोंगरातल्या धुक्यात. एक वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर, नाना फडणवीसांच्या वाड्याजवळ लटकते आहे. तिच्यावर १७०७ साल आहे आणि मरियम मातेची बाळ येशूला घेतलेली आकृती आहे. मेणवलीला सिनेमाचं चित्रीकरण पुष्कळ होतं, त्यामुळे ही घंटा किल्ल्यापेक्षा जास्त वेळा पडद्यावर आली असावी. वसईची म्हणून तिचा उल्लेख मात्र कोणी करत नाही.

आता गंमत पाहा. या घंटा वसईतच राहिल्या असत्या तर छपराबरोबर खाली आल्या असत्या, किंवा कुणी तरी त्या केव्हाच वितळवून भांडी केली असती. देवळांत गेल्या म्हणून वाजत राहिल्या. चर्चच्या घंटेला शंकराच्या दारात नोकरी लागली आणि तिनं ती पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ एकही सुट्टी न घेता केली. येणाऱ्या-जाणाऱ्या भाविकांनी तिच्यावरची लॅटिन-पोर्तुगीज अक्षरं हातानं पुसट केली असतील, पण तिला कोणी मोडीत काढलं नाही.

वज्रेश्वरीही तशीच. वसई मिळाली तर देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी आप्पांनी देवीला केला होता. तो फेडला गेला, आणि पायऱ्या चढून जाताना वर जो नगारखान्याचा दरवाजा लागतो तो वसईच्या किल्ल्याच्या दरवाजाच्या मापाचा आहे असं सांगतात. म्हणजे आमच्या दरवाजाची दुसरी प्रत तिकडे तानसेच्या काठावर, आणि ती मूळ दरवाजापेक्षा चांगल्या स्थितीत.

पाहुणा हिरमुसतो. "बरं, मग नालासोपारा. तिथे बौद्ध स्तूप आहे ना?"

आहे ना. सोपारा हे वसईपेक्षा पुष्कळ जुनं बंदर. ग्रीक खलाशांच्या 'पेरिप्लस'मध्ये त्याचा उल्लेख आहे, टॉलेमीच्या भूगोलात आहे, बौद्ध कथांमध्ये ते शूर्पारक म्हणून येतं. विरार लोकल नव्हती तेव्हाही तिथे गर्दी होती. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाचा कोट नावाची टेकडी खणली आणि आतून विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी करंडा, त्यात तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, पुढे स्फटिकाची, शेवटी सोन्याची. सोबत सोन्याची फुलं आणि बुद्धांच्या छोट्या कांस्यमूर्ती. जपून ठेवणं म्हणजे काय हे त्या माणसांना चांगलं ठाऊक होतं. भगवानलाल हे मोठे अभ्यासक. त्यांनी ते सगळं नीट नोंदवलं आणि मुंबईला पोचवलं. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये ते आजही आहे. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा सोपाऱ्यात मिळाला, आणि १९५६मध्ये भुईगावजवळ नवव्याचा. शिलालेख बघायचा तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जायचं, म्हणजे चर्चगेटला उतरायचं. स्तूपापाशी विटा आहेत, झाडं आहेत, कोणी कोणी ध्यानाला बसतं आणि भोवती नालासोपारा आहे. सम्राट अशोकानं आपला निरोप लोकांपर्यंत पोचावा म्हणून भरवस्तीत दगड लावला होता. आज तो निरोप काचेमागे शांत बसला आहे आणि भरवस्ती मात्र जागच्या जागी आहे, नव्हे, वाढली आहे. २०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. एवढे श्रोते अशोकालासुद्धा कधी एका ठिकाणी मिळाले नसतील.

वसईचा सगळ्यात नामवंत माणूस? तोही बाहेर. गोन्सालो गार्सिया १५५७च्या सुमारास इथे जन्मला, पोरवयात जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला, तिथे व्यापारात पडला, भाषा शिकला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि पुन्हा जपानला परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस जणांबरोबर त्याला क्रुसावर देण्यात आलं. १८६२मध्ये पोपनं त्याला संत घोषित केलं, भारतात जन्मलेला पहिला संत. गास गावात त्याच्या नावाचं चर्च आहे, सण होतो, लोक भक्तीनं जमतात. पण त्याचं स्मारक बघायला जपानला जावं लागतं. वसईच्या कितीतरी घरांतली मुलं आज आखातात, ऑस्ट्रेलियात, कॅनडात आहेत. त्यांच्या आयांना हा संत अगदी घरचा वाटतो, आणि त्याचं कारण निव्वळ धर्म नाही. पोरगं लांब गेलं, तिकडची भाषा शिकलं, परत आलं नाही. ही गोष्ट इथल्या आईला समजावून सांगावी लागत नाही.

वसईचं इंग्रजी नावही समुद्रात गेलं. मुंबईच्या किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रात तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाचं बसीन नावाचं वायुक्षेत्र आहे. गॅस तिकडे निघतो. आमच्याकडे सिलिंडर बुक करावा लागतो.

आणि सगळ्यात मोठी वसई, जी वसईबाहेर गेली, ती म्हणजे मुंबई. हे मी पाहुण्यांना, विशेषतः दादरच्या पाहुण्यांना, फार आनंदानं सांगतो. बहादूरशाहानं १५३४मध्ये वसईबरोबर जो मुलूख दिला त्यात मुंबईची बेटं होती. ती वसईच्या हाताखालची. गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्यानं मुंबई बेट खंडानं घेतलं होतं. इथल्या औषधी वनस्पतींवर त्यानं लिहिलेलं पुस्तक १५६३मध्ये गोव्यात छापलं गेलं. एका माणसानं अख्खी मुंबई भाड्यानं घ्यावी, असा तो काळ. १६६१मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा दुसरा चार्ल्स यांचं लग्न ठरलं आणि मुंबई आंदणात गेली. प्रत्यक्ष ताबा द्यायला इकडच्या पोर्तुगीजांनी १६६५ उजाडवलं. चार वर्षं ते कारणं सांगत राहिले. त्यांना कळत होतं की लग्न लिस्बनचं आणि जागा आपली जाते आहे. आंदणाचं दुःख मुलीच्या काकाइतकं कोणालाच होत नाही.

तेव्हापासून वसईकर रोज सकाळी मुंबईवर चाल करून जातात. भल्या पहाटेपासून फौजा निघतात. अंगाला अंग लावून, चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीनं बसून, दारात लटकून. संध्याकाळी परत येतात. मुंबई अजून मिळालेली नाही, पण प्रयत्नांत खंड नाही.

या पहिल्या गाड्यांमध्ये वसईची फुलंही जातात. सोनचाफा, मोगरा, जास्वंद, तुळस. पाट्या, गोणपाटं, ओल्या कापडाची गाठोडी. दादरच्या फूलबाजारात उजाडायच्या आत ती पोचतात आणि मग सबंध मुंबईचे देव आंघोळ करून वसईची फुलं घालतात. पाहुणा बाजारात सोनचाफ्याची पुडी घेतो तेव्हा त्यानं वसई पाहिलेली असते. त्याला कोणी सांगत नाही एवढंच. भाजी, दूध, विड्याची पानं, सगळ्यांची हीच तऱ्हा. वसईचा हा स्वभावच आहे. जे चांगलं ते पहाटे बाहेर पाठवायचं आणि दिवसभर पाहुण्यांना मोकळ्या भिंती दाखवायच्या.

तुलना होते ती गोव्याशी. "गोव्यात बघ कसं जपलंय!" हे वाक्य पणजीच्या फोन्तान्यात फिरून आलेल्या प्रत्येकाच्या तोंडात असतं. जुन्या गोव्याची चर्चं १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मकावमध्ये सेंट पॉलच्या चर्चची एकच मुखभिंत उभी आहे, मागे काही नाही, तरी तिच्यापुढच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. मलाक्कात एका जुन्या दरवाजापुढे जगभरची माणसं फोटो काढतात. आमच्याकडे तशा भिंती चार-पाच आहेत, दरवाजे आहेत, बुरूज आहेत, आणि समोर क्रिकेटचा स्टंप. पुरातत्त्व सर्वेक्षणाचा निळा फलक आहे. त्यात किल्ल्याची नासधूस केल्यास काय शिक्षा होईल ते किल्ल्याच्या माहितीपेक्षा मोठ्या अक्षरांत आहे.

पण मला वाटतं, गोव्याशी तुलना करणारे एक साधा हिशेब विसरतात. गोव्यातून पोर्तुगीज १९६१मध्ये गेले. वसईतून १७३९मध्ये. म्हणजे दोनशे बावीस वर्षं आधी. गोव्यात अजून अशी आजी भेटते जी शाळेत पोर्तुगीज शिकली. तिच्या कपाटात राजवटीची कागदपत्रं आहेत, चुलत्याचा लिस्बनला पत्ता आहे. वसईत अशी आजी १८००च्या आसपासच संपली. गोव्यानं पोर्तुगीज जपले, वसईनं ते पचवले. पचलेल्या गोष्टीला पाटी लावता येत नाही आणि तिचं तिकीटही काढता येत नाही.

पचवले म्हणजे काय, ते पाहायचं तर पाहुण्यानं किल्ला सोडून रविवारी सकाळी निर्मळला, नंदाखालला, सांडोरला किंवा पापडीला यावं. मिस्सा मराठीत असते. प्रवचन मराठीत, स्तोत्रं मराठीत, हार्मोनियमवर. बाहेर आल्यावर माणसं सामवेदी बोलीत बोलतात, जी ऐकून पुण्याचा पाहुणा आधी गुजराती समजतो, मग कोकणी, मग गप्प बसतो. म्हाताऱ्या बायका लाल लुगडं नेसलेल्या, अंगावर ठसठशीत सोनं. एकीला मी ओळखतो. ती पाळकांपेक्षा जास्त जोरात प्रार्थना म्हणते आणि प्रार्थना संपताच त्याच आवाजात वांग्याचा भाव विचारते. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुवार्ता' मासिक चालवत, हरित वसईच्या आंदोलनात लाठ्यांच्या आणि धमक्यांच्या समोर उभे राहत, आणि बायबल सोप्या मराठीत आणण्याच्या कामासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला भरलेल्या त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पोर्तुगीजांनी वसईत कॉलेजं काढली, छापखाना गोव्यात घातला, दोनशे वर्षं लॅटिनमध्ये आशीर्वाद दिले. त्यातून शेवटी काय निघालं, तर मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. हे त्या दोम अमुकतमुकांना फरशीखाली कळलं तर त्यांची काय प्रतिक्रिया होईल, याचा विचार मी छायाचित्रण बघत बघत पुष्कळदा केला आहे.

निर्मळला कार्तिकात जत्रा भरते. विमलेश्वराची, तळ्याकाठी. हिंदूंची जत्रा, पण ख्रिस्ती शेजारी नवे कपडे घालून येतात, आणि सगळे मिळून सुकेळी विकत घेतात. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्या वाळल्या पानात बांधलेली ती काळपट मधाळ वस्तू. पाहुण्याला मी पहिल्यांदा ती देतो तेव्हा तो तिच्याकडे थोडा वेळ नुसता बघतो. दिसायला ती काही विशेष नाही, हे मान्य. खाल्ल्यावर तो विचारतो, "ही कुठे मिळते?" मी सांगतो. तो पुढच्या वर्षी किल्ल्याचं नाव काढत नाही, जत्रा केव्हा आहे ते विचारतो. याला मी माझं यश मानतो.

जाता जाता एक निरीक्षण, ज्याचा काही उपयोग नाही. वसईचं जे काही होतं ते डिसेंबरमध्ये होतं. बहादूरशाहाचा तह डिसेंबरात. इंग्रज सेनापती गोडार्डनं १७८०मध्ये वसई घेतली, डिसेंबरात. सालबाईच्या तहानं ती परत आली. दुसरा बाजीराव होळकरांच्या भीतीनं पळत आला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इथेच इंग्रजांशी तह करून बसला. मराठी राज्याच्या शेवटाची सुरुवात वर्षाच्या शेवटच्या दिवशी व्हावी, हा योग मला नेहमी थोडा अतिरेकी वाटतो. चिमाजी आप्पा तेवढे मे महिन्यात आत आले, रणरणत्या उन्हात. म्हणूनच ते जिंकले असावेत. डिसेंबरात तह करून जाणारे पाहुणे, मे महिन्यात येणारा घरचा माणूस. आता डिसेंबरात वसईत चांदण्या लागतात, दारोदार नाताळाचे गोठे मांडले जातात, त्यात कधी पालघरचा वारली पाडा असतो, कधी वसई रोडचं स्टेशन. महापौर मॅरेथॉनही याच महिन्यात धावते. मधली काही वर्षं महापालिकेला महापौर नव्हता, प्रशासक होते. पण महापौर मॅरेथॉन होती. वसईला तटाबरोबर रिकाम्या खुर्च्या जपायचीही सवय आहे.

वसईचा पहिला खराखुरा पर्यटक कोण, असा प्रश्न कोणी विचारत नाही, पण माझ्याकडे उत्तर तयार आहे. जेमेल्ली कारेरी. नेपल्सचा वकील. घरच्या कटकटींना कंटाळून १६९३मध्ये बाहेर पडला आणि लढाई, धर्मप्रसार, सरकारी वकिलात असलं काहीही कारण नसताना जगाला वळसा घालून आला. असा माणूस त्या काळात संशयास्पदच. १६९५मध्ये तो वसईत होता. शहराचा एक भाग साथीच्या रोगानं ओस पडल्याचं त्यानं नोंदवलं, आणि किल्ल्याबाहेर मैलोन् मैल पसरलेल्या वाड्या पाहून तो हरखला. माड, आंबे, ऊस. म्हणजे सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या पहिल्या पर्यटकाला वसईत जे आवडलं ते वाडीत होतं, तटात नव्हतं. आमच्या पाहुण्यांनी याची नोंद घ्यावी.

तर या कारेरीला वसईकरांनी जे केलं ते आजचा कुठलाही वसईकर करील. गावात चांगले वकील कमी होते. हा कायद्याचा पदवीधर, सडा, दिसायलाही बरा असावा. त्याला स्थळ सांगून आलं. श्रीमंत घरची मुलगी, घसघशीत हुंडा, वर मठांचं वकीलपत्र आणि त्याचा ठरावीक वार्षिक तनखा. त्यानं नकार दिला. उष्ण देशात कायमचं राहायची आपली इच्छा नाही, कितीही पैसे दिले तरी, असं त्यानं कळवलं आणि पुढे चीनकडे निघून गेला.

मला त्या मुलीच्या बापाचं वाईट वाटतं. किती दिवस त्यानं या पाहुण्याला किल्ला दाखवला असेल, वाड्या दाखवल्या असतील, जेवायला घातलं असेल. आणि कारेरीनंही थोडी घाईच केली. डिसेंबरपर्यंत थांबला असता तर हवा बरी असते इथे. होकार दिला असता तर आज पापडीच्या बाजूला कुठेतरी कारेरीवाडी असती, सामवेदी बोलणारे कारेरी सुकेळी वाळवत बसले असते, वसईच्या कोर्टात त्यांच्यातले निदान तिघं काळा कोट घालून हिंडत असते. वाडीच्या निम्म्या भागावर 'कारेरी हाइट्स' नावाची सात मजली इमारत उभी असती, आणि उरलेल्या निम्म्याचा दावा चुलतभावांमध्ये तिसऱ्या पिढीत चालू असता.